कोकणात जुना मोठा चेनसॉ घ्यायचा तर

मोठा चेनसॉ म्हणजे साधारण ७० सीसी किंवा त्याच्या वरचं इंजिन, ज्याला २४ ते ३६ इंचांचा बार (ज्याच्यावरून चेन फिरते ती लांब पट्टी) झेपतो. नवीन घ्यायला गेलं तर किंमत ऐकून माणूस दुकानाच्या पायरीवरूनच मागे फिरतो, म्हणून जुन्याचा शोध सुरू होतो. जुनं घेण्यात काही गैर नाही. चांगल्या कंपनीचं मोठं मशीन नीट वापरलं तर वर्षानुवर्षं चालतं आणि त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग बदलता येतो. पण पारख न करता घेतलं, तर मशीनच्या किमतीएवढाच खर्च दुरुस्तीला येतो.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. मोठं खरंच लागणार आहे का?

वाऱ्याने माड पडला आणि तो तुकडे करून बाजूला घ्यायचा, एवढ्यासाठी मोठं मशीन लागत नाही. माडाचं खोड फूट-सव्वा फुटाचं. ४५-५० सीसीचं १८ इंची मशीन ते आरामात कापतं. काजूच्या फांद्या, आकेशियाची जळाऊ लाकडं, कुंपणावर आलेली शिवण, सगळ्याला तेवढं पुरतं. दोन्ही बाजूंनी कापत गेलात तर १८ इंची बारने अडीच फुटांचं खोडही होतं. मोठं मशीन लागतं ते परड्यातला म्हातारा रायवळ आंबा किंवा फणस मुळासकट आडवा झाला तर, ओंडका जागेवरच चिरून फळ्या पाडायच्या असतील तर, नाहीतर होडीच्या कामाला लांब लाकूड काढायचं असेल तर. चिरकामात इंजिन मिनिटामागून मिनिटं पूर्ण रेसवर राहतं. तिथे लहान मशीन तापून मरतं.

आणि मोठं मशीन घेऊन आंब्यावर चढायचा विचार मनातसुद्धा आणू नका. स्टील (Stihl) या कंपनीचं एमएस ६६० नुसतं इंजिनच सव्वासात किलोंच्या पुढे आहे. बार, चेन, पेट्रोल, तेल धरून दहा किलोंच्या घरात जातं. ते जमिनीवर उभं राहून वापरायचं यंत्र आहे. झाडावरच्या छाटणीला हलकं, वेगळ्या घडणीचं मशीन येतं किंवा सरळ करवत.

आपल्याकडे जुनी मशीनं येतात कुठून

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आलं. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत घरांवर, रस्त्यांवर, बागांमध्ये झाडांचा खच पडला होता आणि कापणारा माणूस मिळत नव्हता. तेव्हा ज्याला जमलं त्याने मशीन घेतलं. त्यातली बरीच महिन्याभराच्या कामानंतर पडवीत, मांगरात, माळ्यावर गेली ती गेलीच. 'वादळाच्या वेळी घेतलेलं, फारसं वापरलंच नाही' हे वाक्य म्हणूनच सारखं ऐकू येतं. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण मला ते ऐकून आनंद होत नाही.

कोकणात मशीन कामाने कमी मरतं, पडून राहण्याने जास्त मरतं. टाकीत पेट्रोल तसंच राहतं, चार पावसाळे जातात, कार्बोरेटरमधले रबरी पडदे कडक होतात, खारी हवा धातू खाते, पिस्टनची रिंग चिकटते. लाकूड ठेकेदाराकडे रोज चाललेलं, वरून ओरखडे पडलेलं मशीन पुष्कळदा आतून जास्त निरोगी निघतं, कारण रोज वापरणारा माणूस रोज फिल्टर झटकतो आणि रोज ताजं पेट्रोल भरतो. रंग चकचकीत आहे म्हणून जादा पैसे देऊ नका.

तिसरा प्रकार म्हणजे डीलरकडे बदलीत आलेली मशीनं. ती थोडी महाग असतात, पण दुकान जवळ असेल आणि महिनाभराची तोंडी हमी मिळत असेल तर नवख्या माणसाला हाच मार्ग बरा.

खरं की नक्कल

मोठ्या चेनसॉमध्ये नकलांचा सुळसुळाट आहे. एमएस ६६० आणि जुनं ०७० ही दोन मॉडेलं सगळ्यात जास्त नकललेली. लहान बाजूला '५८ सीसी, २२ इंची' म्हणून विकली जाणारी मशीनं वेगळीच. त्यांच्यातल्या बऱ्याच मशीनांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४५.२ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३४ मिलिमीटर असतो, म्हणजे हिशेब केला तर साडेचोपन्न सीसीच भरतात. अशा मशीनला मोठं मशीन समजून पैसे मोजू नका.

नक्कल म्हणजे टाकाऊच, असं नाही. काही बऱ्यापैकी चालतात. पण खऱ्याच्या भावात नक्कल घेणं म्हणजे फसणं. पाहायचं काय? स्टीलच्या मशीनवर नऊ आकडी क्रमांक क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या कवचाच्या) धातूत कोरलेला असतो. नुसत्या स्टिकरवर विसंबू नका, स्टिकर कुठेही छापून मिळतात. प्लास्टिकच्या कडा बोटाने चाचपा: नकलेच्या कडांना साच्याची खरखरीत रेघ लागते, स्क्रू ढिले बसतात, झाकण थोडं वाकडं असतं. टाकीचं टोपण, स्टार्टरचं झाकण, बार यांच्यावरची अक्षरं उथळ किंवा फिकट वाटली तर संशय धरा. बिल असेल तर त्यावरचा क्रमांक मशीनवरच्या क्रमांकाशी जुळवा. क्रमांक घासून काढलेला दिसला, तर पुढे काहीही न बोलता चहा पिऊन घरी या.

कुठलं मॉडेल बघायचं, याबद्दल थोडक्यात. स्टील एमएस ३८१ हे ७२ सीसीचं, साडेसहा किलोंच्या आसपासचं, साधं आणि दणकट मशीन. पहिलं मोठं मशीन म्हणून मला हेच सर्वांत पटतं. एमएस ६६० हे ९१.६ सीसीचं, त्याची जागा पुढे ६६१ ने घेतली. हुस्क्वार्नाचं ३७२ हे ७१ सीसीच्या जवळपासचं, हलकं आणि चपळ. ३९५ हे ९४ सीसीचं, चिरकामाला उत्तम. जुनं ०७० हा १०६ सीसीचा गडगडणारा राक्षस आहे. ताकद अफाट, पण वजनही तसंच, आणि अनेक ०७० ना साखळीचा ब्रेकच नसतो. नवख्या माणसाने ते कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.

मॉडेल ठरवण्याआधी जवळच्या दुकानात फोन करा. कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, चिपळूण, जे तुम्हाला सोयीचं असेल तिथे विचारा की या मॉडेलचा पिस्टन सेट, क्लच, कार्बोरेटरचं किट मिळतं का आणि केवढ्याला. 'मागवावं लागेल' हे उत्तर चालेल. 'आता येत नाही' हे चालणार नाही.

जायच्या आधी

फोनवर एक गोष्ट ठासून सांगा: 'मी येईपर्यंत मशीन चालू करू नका.' तापलेलं मशीन पुष्कळ दोष लपवतं. अर्धमेलं इंजिन गरम असताना एका ओढीत चालू होतं आणि थंड असताना दोरी ओढून खांदा उखडला तरी होत नाही. तुम्ही पोचल्यावर सायलेन्सरला हात लावून पाहा. गरम लागला, तर कुणीतरी तुमच्या आधी मेहनत घेतलेली आहे.

मालकाला विचारायचं ते साधं. शेवटचं कधी चालवलं? पेट्रोलमध्ये तेल कुठलं आणि किती टाकता? मेस्त्रीकडे कशासाठी नेलं होतं? तेलाच्या प्रश्नावर 'अंदाजाने टाकतो' किंवा 'गाडीचंच ऑइल' असं उत्तर आलं, तर पिस्टन बघताना दुप्पट काळजी घ्या.

सोबत न्यायचं: त्या कंपनीचा बार-पाना आणि टॉर्क्स चावी (स्टीलला बहुतेक ठिकाणी टी २७ चालते), छोटी पण प्रखर बॅटरी, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं घड्याळ), नवा प्लग, अर्धा लिटर ताजं मिक्स पेट्रोल, एक पुठ्ठा, चष्मा आणि हातमोजे. गेज नसेल तर ओळखीच्या दुचाकी मेस्त्रीकडून मागून घ्या. त्याची एक खोड मात्र लक्षात ठेवा: गेजच्या नळीतला व्हॉल्व्ह प्लगकडच्या टोकाला नसून घड्याळाकडे असेल, तर नळीतली हवाही मोजणीत धरली जाते आणि चेनसॉसारख्या लहान सिलिंडरवर आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

आधी नुसतं बघा

मशीन उजेडात, खळ्यात आणायला सांगा. पडवीच्या अंधारात सौदा नको.

या मशीनांचा क्रँककेस मॅग्नेशिअमच्या मिश्रधातूचा असतो आणि समुद्राची खार त्याला सर्वांत आधी लागते. रंग फुगलेला, त्याखाली पांढरी-राखाडी भुकटी, स्क्रूच्या भोकांभोवती खवले, हे दिसलं की तो स्क्रू उद्या निघणार नाही, किंवा निघताना आटे घेऊन निघेल, असं समजा. बारखाली, चेनच्या झाकणाच्या आत आणि खालच्या बाजूला खास बघा. मालवण, देवगड, गुहागर, हर्णैकडून आलेल्या मशीनला ही तपासणी टाळू नका. घाटपायथ्याच्या गावातल्या मशीनला हा त्रास कमी.

मग स्क्रूंची डोकी. सायलेन्सर, सिलिंडर, कार्बोरेटरचे स्क्रू घासलेले असतील तर कुणीतरी आत शिरलेलं आहे. ते वाईटच असं नाही, पण का उघडलं होतं ते विचारा आणि उत्तर आधीच्या बोलण्याशी जुळतं का बघा. सिलिंडरच्या पात्या तुटलेल्या नसाव्यात. पुढचं हँडल धरून इंजिन हलवा: रबरी किंवा स्प्रिंगचे धक्केशोषक थोडे लवचिक असतात, पण लटकले असतील तर फाटलेले आहेत. मागच्या हँडलखालचा रुंद भाग, तुटलेली चेन अडवणारा छोटा खुंट आणि पुढची ब्रेकची ढाल, तिन्ही जागेवर हवेत. 'कामात अडचण होते म्हणून काढून टाकलं' हे उत्तर ठेकेदारांकडे नेहमीचं आहे. तसलं मशीन भाग बसवून मिळत असेल तरच घ्या.

एअर फिल्टर काढा. आपल्याकडची जांभ्याची तांबडी धूळ फार बारीक आणि फार खरखरीत. फिल्टरच्या बाहेर धूळ असणारच. पण फिल्टर काढल्यावर कार्बोरेटरच्या तोंडात बोट फिरवून बघा. तिथे तांबडं लागलं तर ती धूळ सिलिंडरमध्ये गेलेली आहे आणि तिने पिस्टन पॉलिश पेपरसारखा घासलेला असणार.

प्लग काढून रंग बघा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर छान. पांढराफटक म्हणजे इंजिनला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळते आहे. काळा आणि ओला म्हणजे तेल जास्त, किंवा जेट (कार्बोरेटरमधून पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा स्क्रू) चुकलेला, किंवा फिल्टर तुंबलेला. अगदी नवाकोरा प्लग काहीच सांगत नाही. तो कालच घातलेला असू शकतो.

सायलेन्सर काढा

बाकी काही जमलं नाही तरी हे करा. पाच मिनिटांचं काम आहे: दोन-तीन स्क्रू किंवा नट, आणि सायलेन्सर हातात. आत सिलिंडरचं भोक दिसतं आणि त्यातून पिस्टन. दोरी हळूहळू ओढून पिस्टन खाली-वर करा आणि बॅटरीच्या उजेडात नीट बघा.

निरोगी पिस्टनवर कारखान्यातल्या कातकामाच्या बारीक आडव्या रेघा अजून दिसतात, किंवा सगळीकडे सारखी मऊ चकाकी असते. उभे ओरखडे दिसले की थांबा. नखाला न लागणारे एक-दोन बारीक ओरखडे चालतात. नख अडकत असेल, किंवा ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीला फासल्यासारखं दिसत असेल, तर ते इंजिन एकदा सीज झालेलं आहे, म्हणजे पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकलेला आहे. मेस्त्री ते घासून पुन्हा चालू करून देतो आणि ते काही महिने चालतंही. पण तुम्हाला ते काही महिने विकत घ्यायचे नाहीत.

ओरखडे कुठे आहेत त्यावरून रोग कळतो. फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर इंजिन पातळ मिश्रणावर (पेट्रोल कमी, हवा जास्त) चाललं: कुठून तरी हवा गळते आहे, जेट चुकीचा आहे, किंवा पेट्रोलची नळी तडकली आहे. कार्बोरेटरच्या बाजूला असतील तर धूळ गेली. चारी बाजूंनी सारखे असतील तर कुणीतरी तेल न घालता नुसतं पेट्रोल भरलं. शेजाऱ्याला मशीन उसनं दिलं की हे हमखास घडतं. सायलेन्सरकडून कार्बोरेटरची बाजू दिसत नाही. प्लगच्या भोकातून आणि जमल्यास कार्बोरेटर काढून तिकडूनही एक नजर टाका.

रिंगही बघा. काडीने हलकेच दाबली तर ती खाचेत किंचित मागे-पुढे हलली पाहिजे. घट्ट बसून राहिली असेल तर कार्बनने चिकटली आहे. चार वर्षं पडून असलेल्या मशीनचं हे नेहमीचं दुखणं.

मालक सायलेन्सर काढू देत नसेल तर सौदा तिथेच संपला. 'मशीन बरां आसा, उघडून काय बघतलास?' असं कुणी कितीही आपुलकीने म्हटलं तरी. चांगलं मशीन विकणाऱ्याला पाच मिनिटं उघडून दाखवायला भीती नसते.

कॉम्प्रेशन

सायलेन्सर पुन्हा बसवा, प्लगच्या जागी गेज लावा, स्विच बंद, चोक उघडा, रेस पूर्ण दाबलेली. मोठ्या मशीनला बहुधा डिकॉम्प्रेशनचं बटण असतं. दोरी हलकी यावी म्हणून ते दाबतात, पण मोजताना ते दाबलेलं नको. काटा वाढायचा थांबेपर्यंत सहा-आठ वेळा जोरात दोरी ओढा.

१५० पीएसआय किंवा जास्त आलं तर इंजिन खणखणीत. १३०च्या आसपास चालेल, पण रिंगचा खर्च मनात धरून भाव करा. १२०च्या खाली असेल तर ते इंजिन उघडावंच लागणार. आकडा अचानक फारच सुंदर आला तर प्लगच्या भोकात बॅटरी मारून बघा. सिलिंडरमध्ये चमचाभर तेल ओतलं की रिंगच्या फटी बुजतात आणि कॉम्प्रेशन काही काळ फुगतं.

गेज नसेल तर मशीन दोरीच्या मुठीने उचलून लटकवा. चांगलं इंजिन अडखळत, टप्प्याटप्प्याने खाली येतं. सरसर उतरलं तर दम गेलेला आहे. हा नुसता अंदाज झाला.

आता चालू करा

स्वतःचं ताजं मिक्स पेट्रोल टाका. मशीन जमिनीवर, उजवा पाय मागच्या हँडलमध्ये, डावा हात पुढच्या हँडलवर, साखळीचा ब्रेक लावलेला. मांडीत धरून किंवा हवेत फेकून चालू करणारे पुष्कळ दिसतात; त्यांचं अनुकरण नको.

थंड मशीन चोकवर चार-सहा ओढींत एकदा तरी खोकलं पाहिजे आणि चोक काढल्यावर दोन-तीन ओढींत चालू झालं पाहिजे. पडून असलेल्याला थोडी जास्त सवलत द्या, पंधरा ओढींची नव्हे.

मिनिटभर गरम होऊ द्या आणि ब्रेक सोडून नुसतं चालू ठेवा. चेन फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडल (रेस न देता इंजिनाची चाल) जास्त ठेवलंय किंवा क्लचची स्प्रिंग तुटली आहे. रेस देऊन सोडा. आवाज लगेच खाली आला पाहिजे. रेस सोडल्यावरही इंजिन दोन-तीन सेकंद ओरडत राहत असेल, किंवा आयडल आपोआप चढत-उतरत असेल, तर कुठूनतरी जादा हवा शिरते आहे. क्रँकची सील गेली असेल किंवा कार्बोरेटरची रबरी नळी फाटली असेल. मशीन डावीकडे, उजवीकडे, नाक खाली असं कलवून बघा. कलवल्यावर आवाज एकदम बदलला तर संशय पक्का. चालू असताना असं करताना चेन अंगापासून दूर. सीलची खरी तपासणी मेस्त्री दाब देऊन करतो. महाग मशीन असेल तर सौद्याआधी ती करून घ्यायला लाजू नका.

पूर्ण रेसवर, लाकूड न कापता, क्षणभर ऐका. बरोबर लावलेलं दोन-स्ट्रोक इंजिन तिथे थोडं तुटक, फाटल्यासारखं वाजतं आणि लाकडात घातलं की तो आवाज साफ होतो. रिकामं असतानाच तलवारीसारखा तीक्ष्ण, अखंड आवाज देत असेल तर मिश्रण पातळ आहे. विकण्याआधी 'जोर दिसावा' म्हणून असा जेट आवळणारे महाभाग आहेत.

मग ओंडका कापा. नुसतं घुर्रघुर्र करून समाधान मानू नका. आधीच सांगून ठेवा की एक जाड ओंडका लागेल. दहा मिनिटं खरं काम होऊ द्या. बंद करा, दहा मिनिटं थांबा, चहा घ्या, पुन्हा दोरी ओढा. गरम झाल्यावर चालू होत नसेल तर इग्निशन कॉइल तापून दगा देते आहे, किंवा कॉम्प्रेशन गरम झाल्यावर पडतं आहे. हा दोष पाच मिनिटांच्या तपासणीत कधीच सापडत नाही आणि बागेत मात्र पहिल्याच दिवशी सापडतो.

साखळीचा ब्रेक: अर्धी रेस देऊन डाव्या मनगटाने ढाल पुढे ढकला. चेन तत्काळ थांबली पाहिजे. पुठ्ठा बारच्या टोकासमोर थोड्या अंतरावर धरून रेस द्या: तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर तेलाचा पंप बंद किंवा वाट तुंबलेली, आणि तेलाविना मोठा बार एका दुपारीत जळतो.

इंजिन बंद करून झाकण काढा आणि क्रँकचं टोक वर-खाली हलवून बघा. तिथे खडखड जाणवली तर बेअरिंग गेली आहे. क्लचचा ड्रम निळसर पडला असेल तर ब्रेक लावून रेस दिलेली आहे किंवा बोथट चेनने जबरदस्ती केलेली आहे.

बार, चेन आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) या झिजणाऱ्याच वस्तू, त्यांच्यासाठी सौदा मोडू नका. फक्त भावातून वजा करा. बारच्या दोन्ही कडा सारख्या उंचीच्या हव्यात, टोकाचं चाक मोकळं फिरायला हवं. चेन खाचेत बसवून बाजूला डोलवा, फार डोलली तर खाच रुंदावली. स्प्रॉकेटवर अर्धा मिलिमीटर खोल खड्डे पडले असतील तर नवं लागेल. मोठ्या मशीनना ३/८ किंवा ०.४०४ इंच पिचची (कड्यांमधल्या अंतराची) चेन येते. तीच पिच बार, स्प्रॉकेट आणि चेन या तिघांवर हवी. मिसळलेला संच पाहण्यात येतो, आणि तो चेन व दात दोन्ही खातो. माडाच्या खोडाने आणि चिखलात लोळलेल्या ओंडक्याने चेन किती पटकन बोथट होते ते इथल्या माणसाला सांगायला नको. गोल कानस लावायला शिकाच.

भाव, कागद आणि परवानगी

त्याच मॉडेलचं किंवा त्याच्या जागी आलेल्याचं नवं मशीन आज केवढ्याला आहे ते दुकानात विचारा. सगळ्या कसोट्यांत पास झालेल्या खऱ्या मशीनला निम्म्यापर्यंत द्यायला हरकत नाही, असं माझं मत. त्यातून नवा बार, चेन, स्प्रॉकेट, कार्बोरेटर किट जे लागेल ते वजा करा. कॉम्प्रेशन मध्यम असेल तर पिस्टन सेट आणि मजुरीही. नकलेला याच्या जवळपासही जाऊ नका. बिल नसेल तर निदान एका कागदावर मॉडेल, क्रमांक, तारीख, रक्कम आणि विकणाऱ्याची सही घ्या. चोरीचं मशीन निघालं तर तोच कागद उपयोगी पडतो. पूर्ण तपासणी होईपर्यंत विसार देऊ नका.

मशीन हाती आलं म्हणजे झाड तोडायची मुभा मिळाली, असं नाही. महाराष्ट्र वृक्षतोड नियमन अधिनियम, १९६४ प्रमाणे आंबा, फणस, जांभूळ, साग, ऐन, किंजळ, खैर, हिरडा अशी अनुसूचीतली झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगी लागते, आणि लाकूड बाहेर न्यायला वाहतूक परवाना. नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर बंदी घातलेली आहे. कुणाचंही झाड तोडायला घेण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन या.

खर्चाच्या यादीत हेल्मेट, जाळी, कानाचं संरक्षण, पायाची खास पँट आणि बूट धरा. हे मशीन १०० डेसिबलच्या वर ओरडतं, आणि बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की सबंध बार डोळ्यांच्या दिशेने उसळतो. लुंगी आणि स्लिपर घालून चालवणारे आजूबाजूला दिसतील. त्यांच्यापैकी कुणाच्या मांडीवरचा व्रण बघायला मिळाला तर बघून घ्या.

घरी आणल्यावर

लगेच कामाला जुंपू नका. पेट्रोलची नळी, टाकीतला फिल्टर, प्लग आणि एअर फिल्टर न विचारता बदला. सगळं मिळून खर्च थोडा आहे. पडून असलेलं मशीन असेल तर कार्बोरेटरचे पडदेही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला फुगवतं, म्हणून मिक्स करून महिना-महिना ठेवू नका. आठवड्याला पुरेल एवढंच करा. कंपनीचं चांगलं टू-टी ऑइल असेल तर लिटरला २० मिली, साधं असेल तर ४० मिली. चेनसॉला चेनसॉचंच तेल घाला, बोटीच्या इंजिनासाठी आणलेलं नको.

जेट मेस्त्रीकडून किंचित जाड मिश्रणावर लावून घ्या. पहिल्या दोन टाक्या हलकं काम करा, मग पुन्हा एकदा सायलेन्सर काढून पिस्टन बघा. विकत घेताना दिसला होता तसाच असेल तर मोठं काम घ्या.

मृग लागायच्या आधी मशीन ठेवताना टाकी पूर्ण रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. प्लगच्या भोकात चमचाभर टू-टी ऑइल टाकून दोरी दोन वेळा हळू ओढा. बार-चेन काढून तेल लावा. गोणपाटात गुंडाळू नका, ते ओल धरतं. आणि मांगरात जिथे खताची किंवा मिठाची पोती रचता, त्या कोपऱ्यापासून मशीन लांब, उंचावर ठेवा. खत आणि मीठ दोन्ही ओल धरतात, आणि ती ओल मॅग्नेशिअमला खाते.